संगणक बदलायचा, पण बाबांच्या फायलींचं काय?

मध्यमवर्गीय घरात एखादी वस्तू बदलण्याचा निर्णय बहुधा ती वस्तूच घेते. मिक्सरची मोटार जळते, कूलरचा पंप बसतो, फ्रिजमधले दूध नासू लागते आणि मग रविवारी सगळे मिळून बाजार गाठतात. मोडलेल्या वस्तूविषयी फारशी वादावादी होत नाही. पण वस्तू धडधाकट आहे, रोज वापरात आहे आणि तरीही एके दिवशी तिच्याच अंगावर सूचना झळकते की, 'आता माझी मुदत संपत आली', तेव्हा काय करायचे?

२०२५च्या ऑक्टोबरात कितीतरी घरांपुढे हा प्रश्न उभा राहिला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने जुलै २०१५मध्ये बाजारात आणलेल्या 'विंडोज १०' या संगणक-प्रणालीला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी निरोप दिला. प्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. कळफलक, पडदा, छपाईयंत्र, फायली या सगळ्यांवर देखरेख ठेवणारा. निरोप दिला म्हणजे संगणक त्या दिवशी बंद पडला असे मुळीच नाही. तो चालतच राहिला. फक्त कारभाऱ्याच्या अंगच्या उणिवा सापडल्या की त्या बुजवण्यासाठी कंपनीकडून दरमहा फुकट येणारी ठिगळे यायची थांबली.

जबलपूरच्या राइट टाऊनमधल्या एका मराठी घरातही ही सूचना येऊन पोहोचली. त्या घरात पुढचे कित्येक आठवडे जे घडले, ते संगणकाचे म्हणून सुरू झाले आणि भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचले.

एक संगणक, चार मालक

घर तसे आपल्या-तुपल्यासारखेच. सासूबाई चौऱ्याहत्तरीच्या. मुलगा रेल्वेच्या कार्यालयात. सून लग्न होऊन नागपूरहून आलेली. घरी बसून चार-पाच दुकानांचे हिशोब लिहिणारी. नात अकरावीत. आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, क्रोशाच्या आच्छादनाखाली, २०१६ साली घेतलेला संगणक.

संगणक एकच, पण प्रत्येकाचा त्याच्यावर वेगळा हक्क. सून त्यावर टॅलीत दुकानदारांचे हिशोब मांडी. मुलगा वीजबिल, विमा, बँक पाही. सासूबाईंचे कुटुंब निवृत्तिवेतन ज्या खात्यात जमा होई, तेही याच संगणकावरून बघितले जाई. नात अभ्यास करी, आणि अभ्यासाच्या नावाखाली आणखीही बरेच काही करी.

चौथा मालक मात्र २०१९ साली हे जग सोडून गेला होता. सासरे गन कॅरिज फॅक्टरीच्या कार्यालयात टंकलेखक म्हणून लागले आणि २००३ साली निवृत्त झाले. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी पहिला संगणक घेतला, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नावे ठेवली होती. "या वयात आता हे काय?" पण टंकलेखनयंत्रावर पस्तीस-चाळीस वर्षे चाललेल्या बोटांना नवा कळफलक महिन्याभरात वश झाला. मग ते रोज सकाळी नऊ ते अकरा लिहायला बसत. काय लिहिता म्हणून विचारले, तर "काही नाही, आपलं जबलपूर" एवढेच सांगत.

जबलपुरात मराठी माणूस काही काल-परवा आलेला नाही. १७९८ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला. पुढे १८७०च्या मार्चमध्ये मुंबई आणि कलकत्त्याकडचे रेल्वेमार्ग जबलपूरला येऊन जोडले गेले. १९०४ साली गन कॅरिज फॅक्टरी सुरू झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते, आणि राजधानी नागपूरला होती. त्यानंतर नागपूर महाराष्ट्रात गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले, आणि इथली मराठी घरे घरात मराठी व दारात हिंदी बोलत राहिली. हे सगळे आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेले बरेच काही सासऱ्यांनी एकतीस फायलींमध्ये लिहून ठेवले होते. छापली तर दोनशे बारा पाने. कोणीही ती सलग वाचली नव्हती. त्यांच्या पत्नीनेही नाही.

"फॉर्मेट मार देते हैं"

सूचना आली तेव्हा मुलाने साधा हिशोब मांडला. विंडोज ११ फुकट मिळते, तेव्हा ते चढवून टाकू. पण तपासणीत संगणक नापास झाला. २०२१च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज ११ला किमान चार जीबी स्मृती आणि चौसष्ट जीबी साठवण लागते, तेवढे होते. पण त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोयही लागते आणि प्रोसेसरही ठरावीक पिढीच्या पुढचा हवा. इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा. घरातला होता सहाव्या पिढीचा. यंत्र चालत होते, पण पिढी चुकली होती!

शनिवारी दोघे नवरा-बायको जयंती कॉम्प्लेक्समध्ये गेले. जबलपूरकरांना हे ठिकाण सांगायला नको. संगणक, मोबाइल आणि त्यांची दुरुस्ती म्हटली की पावले तिकडेच वळतात. एका दुकानातल्या मुलाने क्षणाचाही विचार न करता सांगितले, "भाभीजी, दो घंटे का काम है. फॉर्मेट मार देते हैं, इलेवन डाल देते हैं. चेकिंग बायपास हो जाती है."

ऐकायला स्वस्त आणि मस्त. मुलगा तयारही झाला. सुनेने मात्र दोन प्रश्न विचारले. पहिला, "परवाना कुणाच्या नावाचा?" यावर दुकानातला मुलगा नुसता हसला. दुसरा, "फॉर्मेट केल्यावर आतल्या फायली?"

"वो तो सब उड़ जाएगा, भाभीजी. बैकअप ले लीजिए पहले."

अशा आडवाटेने चढवलेल्या प्रणालीला पुढच्या सुधारणा मिळतीलच याची हमी नाही, हे खुद्द कंपनीनेच सांगून ठेवले होते. म्हणजे ज्या ठिगळांसाठी हा खटाटोप, तीच उद्या बंद होऊ शकत होती. दोघे खव्याची जिलबी घेऊन घरी परतले. संगणक जागच्या जागी राहिला.

रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "नवीनच घेऊन टाकू. जुना भंगारात देऊ."

"आणि बाबांच्या फायली?" सुनेने विचारले.

"घेऊ की पेन ड्राइव्हवर. पण खरं सांगू का, कोण वाचणार आहे ते?"

सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्या काही बोलल्या नाहीत. ताट तसेच ठेवून उठल्या आणि जाता जाता एवढेच म्हणाल्या, "त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. बंद पडायचा तेव्हा पडू दे."

न बदलण्याचीही किंमत असते

सासूबाईंचे म्हणणे कुणालाही पटण्यासारखे. चालते आहे ते कशाला मोडा? पण या बाबतीत जैसे थे राहणे म्हणजे सुरक्षित राहणे नव्हे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशेच्या वर देशांतले संगणक एका फटक्यात कुलूपबंद केले होते. ब्रिटनमधली रुग्णालये अडकली, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही अडकले. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारे ठिगळ कंपनीने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिले होते. ज्यांनी ते लावले नव्हते किंवा ज्यांच्या जुन्या प्रणालीला ते मिळालेच नव्हते, त्यांच्या फायली गेल्या. म्हणजे फायली जपण्यासाठीच जुनी प्रणाली धरून बसावे, तर त्याच फायली एक दिवस कुलपात जाण्याची भीती!

त्यात आणखी एक प्रसंग घडला. एका दुपारी सासूबाई एकट्याच संगणकावर भजने ऐकत होत्या. एकाएकी पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला आणि अक्षरे उमटली, की तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा. त्या घाबरल्या. फोनही उचलला. तेवढ्यात नात कॉलेजातून आली आणि तिने सरळ भिंतीवरचे बटणच बंद केले.

"आजी, हे चोर असतात गं! कुठलीच कंपनी पडद्यावर फोन नंबर देऊन बोलावत नाही."

खरे तर असले फसवे पान नव्या प्रणालीवरही येऊ शकते; त्याचा विंडोजच्या वयाशी संबंध नाही. (असे काही होऊन पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी, हे प्रत्येक घरातल्या ज्येष्ठांना पाठ असायला हवे.) पण त्या दुपारी सासूबाईंच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. ज्या संगणकात त्यांच्या पतीचे लेखन होते, त्याच संगणकातून त्यांच्या निवृत्तिवेतनाची वाट जात होती. दोन्ही एकाच दाराआड ठेवणे बरे नव्हे.

"सूनबाई," संध्याकाळी त्या म्हणाल्या, "मी हात लावायचा नाही म्हटलं होतं. पण काय करायचं ते तूच ठरव. फक्त त्यांचं लिहिलेलं जाऊ देऊ नको."

'आई'ची चार इंग्रजी अक्षरे

वरच्या मजल्यावर जबलपूर इंजिनिअरिंग कॉलेजचा एक विद्यार्थी भाड्याने राहत होता. त्याने तिसरी वाट सुचवली. "आंटी, विंडोज की ज़रूरत ही क्या है? लिनक्स डाल लीजिए."

लिनक्स हा प्रकार सर्वसामान्यांना उगाच परका वाटतो. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो सुरू केला आणि जगभरातल्या प्रोग्रॅमरांनी तो वाढवला. तो फुकट मिळतो, कुणीही त्याची प्रत दुसऱ्याला देऊ शकतो, आणि जुन्या यंत्रावरही तो बऱ्यापैकी चालतो. आपल्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही मुळात लिनक्सच आहे. भारतात सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली तयार केली आहे, आणि केरळातल्या सरकारी शाळांमधली मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत.

मुलाने शंका काढली, "मग सगळेच का वापरत नाहीत?" शंका रास्त होती. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या नगरपालिकेने सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले, आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे परतायचे ठरवले. त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने मात्र २०२४मध्ये आपले सुमारे ३० हजार संगणक लिनक्सकडे न्यायचा निर्णय जाहीर केला. मोठमोठ्या सरकारांचेही जिथे एकमत होत नाही, तिथे एका घराने पटकन ठरवावे तरी कसे?

विद्यार्थ्याने एक बरे केले. त्याने पेन ड्राइव्हवर लिनक्स आणले आणि संगणकातल्या डिस्कला धक्काही न लावता तिथूनच चालू करून दाखवले. ही सोय फार मोलाची. घर बदलण्याआधी दोन दिवस राहून पाहावे, तशी. पडदा छान दिसला, इंटरनेट चालले, बँकेचे पान उघडले. मग सुनेने सासऱ्यांची एक फाइल उघडली.

पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांचा कचरा! सासूबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात टेकला. "गेलं ना सगळं?"

गेले नव्हते. कोडे वेगळेच होते. सासऱ्यांनी सगळे लेखन 'कृतिदेव' या फॉन्टमध्ये केले होते. कारण सरळ होते. या फॉन्टचा कळफलक त्यांच्या जुन्या रेमिंग्टन टंकलेखनयंत्रासारखा होता. मध्य प्रदेशातले हिंदी टंकलेखक वर्षानुवर्षे याच फॉन्टवर काम करत आले आहेत. अशा जुन्या फॉन्टमध्ये संगणकाला मराठी कळतच नसते. आतमध्ये इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवतो. कृतिदेवमध्ये 'आई' हा शब्द म्हणजे व्ही, के, बी आणि झेड ही चार इंग्रजी अक्षरे. मुखवटा काढला की आई दिसत नाही, व्ही-के-बी-झेड दिसते. नव्या लिनक्समध्ये तो मुखवटा नव्हता, एवढेच.

सुनेने जुन्या विंडोजच्या फॉन्टच्या कप्प्यातून कृतिदेवची फाइल उचलली आणि लिनक्समध्ये नेऊन बसवली. पुन्हा फाइल उघडली. पहिल्याच ओळीत 'जबलपूर' उमटले. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

वाट ठरली, पण सावकाश

त्या रात्री घरात संगणकाविषयी शेवटचा वाद झाला, आणि तो बराच शहाणपणाने झाला. कोणती प्रणाली चांगली, हा प्रश्न सुनेने बाजूलाच ठेवला. तिने वहीत चार रकाने पाडले. कुणाला कशासाठी संगणक लागतो, आणि काय गेले तर परत मिळणार नाही?

टॅली विंडोजसाठीच बनलेले. तेव्हा हिशोबाच्या कामाला विंडोज सोडून चालणार नव्हते. दुकानदारांची माहिती तिच्या भरवशावर होती, म्हणून तिथे धोका पत्करणेही बरोबर नव्हते. नातीचा अभ्यास लिनक्सवर झाला असता. बँक आणि बिले कुठेही, पण सुरक्षित यंत्रावर. सासऱ्यांच्या फायली? चौथ्या रकान्यात तिने लिहिले, "एकच प्रत. परत मिळणार नाही." बाकी सगळे पैसे टाकून पुन्हा उभे करता आले असते, हेच तेवढे नाही.

त्यामुळे क्रम आपोआप ठरला. पहिले काम फायलींच्या प्रतींचे. एक प्रत पेन ड्राइव्हवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर घालून नागपूरला नणंदेकडे, आणि प्रत्येक फाइलची पीडीएफ. पीडीएफ करताना फॉन्ट तिच्यातच बांधला जातो, म्हणून ती कुठल्याही संगणकावर आहे तशी दिसते. कृतिदेवची फाइलही सोबत ठेवली. मग दोनशे बारा पाने छापूनही घेतली. कागदाला कुठलीच प्रणाली लागत नाही!

दुसरे काम वेळ मागून घेण्याचे. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी विंडोज १०ची सुरक्षा-ठिगळे आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, देऊ केली होती. त्यासाठी तीस डॉलर भरायचे, किंवा कंपनीच्या खात्यात आपल्या संगणकाच्या सेटिंगची प्रत ठेवायला संमती द्यायची. सुनेने दुसरा मार्ग पत्करला. घाईने निर्णय घ्यायचा नसेल, तर अशी मुदत उपयोगी पडते; मात्र मुदत म्हणजे उपाय नव्हे, हे तिने वहीत अधोरेखित करून ठेवले.

तिसरे, तिने आपल्या हिशोबाच्या कमाईतून विंडोज ११ असलेला एक लॅपटॉप घेतला. टॅली आणि बँक तिकडे गेली. "तुझ्या पैशातून कशाला?" असे नवऱ्याने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "कामाचं अवजार आहे. सुतार रंधा घेतो, तसं." आणि वर्ष संपले की जुन्या संगणकावर लिनक्स बसवायचे ठरले; त्यावर नातीचा अभ्यास आणि आजोबांचे लेखन.

आजीच्या हातातली पेन्सिल

पण एवढ्यावर काम संपेना. कृतिदेवचा मुखवटा आज मिळाला, तरी आणखी वीस वर्षांनी मिळेलच असे नाही. शिवाय असल्या फायलीत 'नर्मदा' हा शब्द शोधायचा म्हटला तर संगणकाला तो सापडत नाही, कारण त्याच्या लेखी तिथे नर्मदा नाहीच. यावरचा कायमचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या या संकेतात जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. त्यात 'आ' हा 'आ'च असतो, विंडोजवरही आणि लिनक्सवरही. आज मोबाइलवर आपण जे मराठी लिहितो, ते युनिकोडच. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीसाठी जो 'मंगल' फॉन्ट वर्षानुवर्षे दिसत आला, तो रचणारे प्रा. र. कृ. जोशी आपल्या कोल्हापूरचे.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात. नातीने एक चालवून पाहिला. बरेचसे झाले, पण मधेमधे गमती होऊ लागल्या. टंकलेखनयंत्रावर जसे कागदावर दिसते तसे टाइप करायचे. ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, म्हणजे बरोबर उलटा. या उलटापालटीत कुठे रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला, कुठे इकार पळाला. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला आपला खास मराठी अर्धा र तर जिथे तिथे बिघडला.

"हे कोण तपासणार? दोनशे पानं आहेत," नात म्हणाली.

"आण इकडे," आजी म्हणाली.

तेव्हापासून रोज सकाळी नऊ वाजता सासूबाई छापलेली पाने आणि पेन्सिल घेऊन बसू लागल्या. नात किंवा सून पडद्यावरचे वाचणार, त्या कागदाशी ताडून पाहणार. लग्नानंतर सत्तेचाळीस वर्षे ज्यांच्याबरोबर काढली, त्या माणसाला असे पानापानाने ऐकणे त्यांना नवे होते. १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसच्या गोष्टी त्यांनी वडिलांकडून ऐकलेल्या लिहिल्या होत्या. फॅक्टरीच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या बिऱ्हाडांविषयी लिहिले होते. ग्वारीघाटावरच्या संध्याकाळी होत्या. कधी सासूबाई हसत, कधी "असं मुळीच नव्हतं" म्हणून भांडत. भांडायला समोर कुणी नव्हते, म्हणून सुनेशीच भांडत.

एकविसाव्या फाइलपाशी काम अडले. विषय होता २२ मे १९९७चा भूकंप. पहाटे जबलपूर हादरले आणि माणसे अंथरुणातून उठून रस्त्यावर धावली, ती पहाट. सासऱ्यांनी मधल्या सहा-सात ओळी कुठल्या तरी दुसऱ्याच फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या. तो फॉन्ट जुन्या संगणकात नव्हता, विद्यार्थ्यालाही सापडला नाही. कागदावरही त्या जागी नुसत्या खुणाच उमटल्या होत्या.

सासूबाई बराच वेळ त्या खुणांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत आहे इथे काय असणार. मी होते ना तिथे. हा दिवाणखान्यातली घड्याळाची काच उचलत बसला होता आणि मी ओरडत होते की, आधी पोराला बाहेर ने. मग आम्ही उजाडेपर्यंत अंगणात सतरंजी टाकून बसलो. शेजारच्यांनी चहा केला. उजाडल्यावर भिंतीला तडा दिसला तर हे म्हणाले, घर उभं आहे, बाकी बघू."

हे सांगताना त्या सासऱ्यांना एकदा 'हा' म्हणून गेल्या. सुनेने ते ऐकले आणि काही बोलली नाही.

मुलगा कामावर जायच्या गडबडीत दारात थबकला होता. भूकंपाच्या वेळी तो सहा वर्षांचा. त्याला फक्त चहाचा वास आठवत होता. तो आत येऊन सतरंजीवर बसला. "लिहून घे हे," तो बायकोला म्हणाला, "बाबांच्या ओळींच्या जागी घाल."

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्या जागी नको. कंसात घाल, आणि खाली माझं नाव लिही. त्यांचे शब्द वेगळे, माझे वेगळे दिसू देत. उद्या तो फॉन्ट कुणाला सापडला, तर ताडून बघतील. आम्ही दोघं किती जुळतो ते कळेल तरी!"

सुनेने तसेच केले. मूळ खुणाही पुसल्या नाहीत. त्या ओळींची जुनी फाइल वेगळ्या कप्प्यात जपून ठेवली.

ज्यांच्या घरी असा कोपरा आहे

आपल्यापैकी कितीतरी घरांत असा एखादा जुना संगणक असतो. कुणाच्या वडिलांच्या कविता, कुणाच्या आईच्या पाककृती, कुणाच्या मंडळाची इतिवृत्ते त्यात असतात. शिवाजी, किरण, श्रीलिपी, कृतिदेव, सी-डॅकचे सुरेख आणि योगेश अशा नाना फॉन्टमध्ये मराठीचे एक अख्खे युग टाइप झाले आहे. प्रणाली बदलायची की नाही, कोणती घ्यायची, हे ज्याचे त्याने आपल्या गरजेप्रमाणे आणि खिशाप्रमाणे ठरवावे. हिशोबाच्या कामाला एक बरी, नुसते वाचायला-लिहायला दुसरी बरी. पण दुकानात यंत्र नेण्याच्या आधी एक संध्याकाळ काढून आत काय आहे ते उघडून पाहावे. फॉन्टची फाइल शोधून ठेवावी, पीडीएफ करून घ्यावी, आणि एक प्रत दुसऱ्या गावी असू द्यावी. आणि ज्यांना ते लेखन समजते ती माणसे घरात असेपर्यंत ते वाचून घ्यावे. प्रणालीची मुदत कंपनी वर्षभराने वाढवून देते. माणसांच्या बाबतीत तशी सोय नाही.

राइट टाऊनमधल्या त्या घरात दोनशे बारापैकी एकशे अडतीस पाने तपासून झाली, तेव्हा नर्मदा जयंती आली होती. नातीने युनिकोडमधल्या सगळ्या फायलींत 'नर्मदा' शब्द शोधून पाहिला. संगणकाने एका क्षणात चव्वेचाळीस ठिकाणे दाखवली. आजीने चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "चव्वेचाळीसच? अजून पानं बाकी आहेत म्हणून. चल, पुढचं वाच."